लुआंटीच्या सर्व्हरवर नवीन पोरं येतात पण टिकत नाहीत, काय करायचं?

प्रश्न सांगलीहून आलाय, थोडक्यात असा. तिघा मित्रांनी मिळून लुआंटी या ठोकळ्यांच्या गेमचा सर्व्हर काढलाय, जानेवारीपासून चालू आहे, मुंबईतल्या डेटा सेंटरमधला छोटा व्हीपीएस (भाड्याचा सर्व्हर) घेतलाय आणि भाडं तिघं वाटून भरतात. नवीन लोक रोज येतात, पाच-सात मिनिटं इकडेतिकडे फिरतात, जातात, आणि परत दिसत नाहीत. स्वागताचा बॉट लावलाय, मराठी आणि इंग्लिशमधे नियमांची अख्खी भिंत उभी केलीये, शिवाय नवीन आलेल्याला हिऱ्याच्या हत्यारांचं किट देतात. तरी पब्लिक थांबत नाही. तर "स्वागत अजून भारी कसं करायचं" असं विचारलंय.

मी गेली आठ-नऊ वर्षं असाच एक सर्व्हर चालवतो, म्हणजे नाव माइनटेस्ट होतं तेव्हापासून (लुआंटी हे नाव ऑक्टोबर २०२४ मधे आलं), आणि तुमच्या यादीतली प्रत्येक गोष्ट मी करून बसलोय. बॉट, भिंत, किट, सगळं. त्यामुळे पहिलं हे सांगतो की तुमचा प्रॉब्लेम स्वागताचा नाहीचे. आलेला माणूस पहिल्या दिवशी खूश झाला का नाही ते सोडा, उद्या परत यायला त्याच्याकडे काही कारण आहे का, ते बघा. स्वागत कितीही झकास केलं तरी ते पहिल्या पाच मिनिटांपुरतं असतं, आणि माणूस परत येतो तो स्वतःचं काहीतरी तिथे राहिलंय म्हणून. एवढंच मला सांगायचंय, खाली जे लांबलचक लिहिलंय ते हे कसं जमवायचं याबद्दल आहे.

ज्यांनी लुआंटी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी दोन ओळी: ठोकळ्याठोकळ्यांचं जग, खणा, बांधा, फिरा. फिनलंडच्या पर्ट्टू अहोलाने २०१० मधे सुरू केलं, सोर्स उघडा, फुकट. खरं तर ते एक गेम नाहीच, इंजिन आहे, त्यावर वेगवेगळे गेम आणि लुआ भाषेतले मॉड (गेममधे भर घालणारे छोटे प्रोग्राम) चढवायचे. म्हणून कुठलेही दोन सर्व्हर सारखे नसतात आणि म्हणूनच मी सांगतोय ते तुमच्याकडे जसंच्या तसं लागू पडेल असं नाही. माझा सर्व्हर साधा बांधकामवाला आहे, शांत, मारामारी बंद. तुमचा जर मारामारीचा असेल, किंवा आकाशात एका ठोकळ्यावर उभं राहून सुरू करायचा असेल, तर पुलाबिलाचं जे पुढे सांगतोय ते गैरलागू, पण माणसांचं जे सांगतोय ते लागू. आणि दुसरं, तुमच्याकडे रोज येणारे जुने खेळाडू किती आहेत यावर बरंच अवलंबून आहे, ते तुम्ही लिहिलेलं नाहीये. शून्य असतील तर त्याचं वेगळं सांगतो पुढे.

आता लॉगबद्दल. तुम्ही लिहिलंय की "लोक का जातात कळत नाही". सर्व्हरच्या फोल्डरमधे डीबग डॉट टीएक्सटी नावाची फाइल असते, त्यात कोण कधी आलं, चॅटमधे काय बोललं, काय खणलं, कधी गेलं सगळं येतं. ती वाचा. कंटाळवाणं काम आहे पण मी जे काही शिकलो ते त्या फाइलमधनं. एकच प्रसंग सांगतो. मे महिन्याची सुट्टी, संध्याकाळी पावणेआठचा सुमार. एक जण जॉइन झाला. दोन मिनिटं काहीच नाही. मग चॅटमधे, रोमन अक्षरांत, "कोणी आहे का". एक मिनिटाने "हे तुटत नाहीये कसं तोडायचं". मग बराच वेळ शांत. मग "ओके". आणि गेला. त्या वेळी आमचे तीन जुने ऑनलाइन होते, एक जमिनीखाली हजार ब्लॉक खोल खाणीत, एक आपल्या किल्ल्याचं छत घालत होता, आणि तिसरा मीच, कॅरेक्टर उभं करून चहा ठेवायला गेलेलो. तो "ओके" मी दुसऱ्या दिवशी सकाळी वाचला.

त्याला तुटत का नव्हतं? कारण आम्ही हुशारी केली होती. लुआंटीमधे खेळाडूला दोन मूळ परवानग्या असतात, शाऊट म्हणजे बोलता येणं आणि इंटरॅक्ट म्हणजे वस्तूंना हात लावता येणं. सर्व्हरच्या कॉन्फ (म्हणजे सेटिंगच्या) फाइलमधे डिफॉल्ट प्रिव्ह्ज नावाची एक ओळ असते, तिथून इंटरॅक्ट काढून टाकलं की नवीन माणूस फक्त चालू आणि बोलू शकतो. बरेच सर्व्हर हे करतात, म्हणजे आधी नियम वाच, नियमांत कुठेतरी लपवलेला शब्द शोध, तो चॅटमधे टाइप कर, मग हात लावायला मिळेल. आम्हीपण दोन वर्षं हेच केलं. उद्देश हा की तोडफोड करणारे बाहेर राहावेत. आणि झालं काय, की तोडफोड करणाऱ्याला वेळच वेळ असतो, तो आरामात शब्द शोधून आत यायचा, आणि शाळेतनं येऊन आईचा मोबाइल अर्ध्या तासासाठी मिळालेलं पोरगं मात्र भिंतीसमोर उभं राहून निघून जायचं. म्हणजे चाळणी उलटी लागली होती, गहू खाली आणि खडे वर.

म्हणून माझा पहिला सल्ला, इंटरॅक्ट पहिल्या क्षणापासून द्या आणि नियम पाच ओळींत बसवा. दुसऱ्याचं तोडू नको, शिव्या नको, स्वतःची खासगी माहिती देऊ नको, अडलं तर विचार, रोज अमुक वेळेला आम्ही असतो. झालं. बाकीची वीस कलमं ही मागे कुणीतरी केलेल्या कुठल्यातरी एका आगाऊपणाची आठवण असते, नवीन माणसाला त्याचं काय.

"मग तोडफोडीचं काय?" हे तुम्ही विचारणारच. त्याला रोलबॅक आहे. कॉन्फमधे रोलबॅक रेकॉर्डिंग चालू करून ठेवा, मग कुठल्या ठोकळ्याला शेवटचा हात कुणी लावला ते चेक करता येतं आणि एका माणसाने ठराविक वेळात केलेलं सगळं उलटवता येतं. डिस्कवर जागा खातं, आणि अगदी गर्दीच्या सर्व्हरवर थोडं जडही होतं, पण तुमच्यासारख्या लहान सर्व्हरला चालून जातं. शिवाय घरं प्रोटेक्ट करायला एरियाज मॉड किंवा प्रोटेक्टर मॉड असेलच तुमच्याकडे. म्हणजे नुकसान झालं तरी दहा मिनिटांत भरून येतं. गेलेलं पोरगं मात्र रोलबॅकने परत येत नाही.

आता मुख्य गोष्ट. आमच्या गावच्या गणपती मंडळात मी सातवीत असताना पहिल्यांदा गेलो, तेव्हा मला कुणी मंडळाची घटना वाचून दाखवली नाही, ना कुणी हार घातला. मांडवाचं काम चाललं होतं, एक दादा शिडीवर होता, त्याने वरूनच दोरीचं टोक खाली सोडलं आणि म्हणाला, "धर रे हे." मी धरलं. अर्धा तास नुसती दोरी धरून उभा होतो. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर थेट मांडवात, कारण माझ्या दोरीचं पुढे काय झालं ते बघायचं होतं. त्या मंडळात पुढे मी बारा वर्षं काढली.

सर्व्हरवर ही दोरी कशी द्यायची यावर आम्ही बरेच प्रयोग केले. जे चाललं ते सांगतो. स्पॉनपासून (म्हणजे खेळाडू जिथे पहिल्यांदा उतरतो त्या जागेपासून) वीसेक पावलांवर एक नदी आहे, त्यावर आम्ही एक पूल अर्धवट बांधून सोडला. मुद्दाम अर्धवट. पुलाच्या अलीकडे एक पेटी, पेटीत दगड, वर एक पाटी: "वीस दगड घे, पूल पुढे ने." तेवढंच. एरियाज मॉडमधे एखादा एरिया सगळ्यांसाठी उघडा करायची कमांड आहे, ती त्या पट्ट्याला लावलीये, म्हणजे आजूबाजूचं स्पॉन सुरक्षित आणि फक्त पुलावर कुणीही हात चालवू शकतो. नवीन माणूस येतो, पाटी दिसते, दगड घेतो, लावतो. खणायचं कसं, लावायचं कसं, वस्तू हातात कशी घ्यायची हे सगळं त्या वीस दगडांत आपोआप शिकून होतं. आणि जाताना त्याचं काहीतरी तिथे राहतं.

पूल वाकडातिकडा होतो, हे आधीच सांगून ठेवतो. एका पोराने आपले वीसच्या वीस दगड एका बाजूला, पाण्यावर लोंबकळणाऱ्या सज्जासारखे लावले होते. आमच्यातला एक जुना खेळाडू, कामाला अतिशय नीटनेटका, तो लगेच सरळ करायला निघाला. मी म्हटलं राहू दे. दोन दिवसांनी ते पोरगं परत आलं, थेट पुलावर गेलं, आपला सज्जा आहे तिथेच आहे हे बघितलं, आणि त्यावर एक मशाल लावली. मग तिसऱ्या दिवशी कठडा आला. आता तो पुलाचा सज्जा म्हणूनच ओळखला जातो, जुनी मंडळी तिथे भेटायची वेळ ठरवतात. जर त्या दिवशी सरळ केला असता तर आमचा पूल दिसायला बरा राहिला असता, बाकी काही नाही.

पूल कधीतरी पुरा होतो, मग दुसरं काम काढावं लागतं. आम्ही पूल झाल्यावर पलीकडच्या काठावर घाट काढला, मग घाटाच्या वर रस्ता. अट एकच, काम असं पाहिजे की येणाऱ्याला काही न विचारता कळावं की पुढचा दगड कुठे लावायचाय. "चला मिळून शहर बांधूया" असली पाटी लावून काही होत नाही, शहर म्हणजे नेमकं काय करू मी आत्ता?

किटबद्दल. हिऱ्याचं किट बंद करा, आजच. वाईट वाटेल तुम्हाला पण या गेममधे लाकडाच्या कुदळीपासून हिऱ्याच्या कुदळीपर्यंतचा जो प्रवास आहे तोच अर्धा गेम आहे आणि तो तुम्ही दारातच खाऊन टाकताय. शिवाय किट मिळालेला माणूस दुसऱ्या दिवशी आला तर चॅटमधे पहिलं वाक्य काय असतं बघा लॉगमधे, "आणखी हिरे द्या ना". मग जुने वैतागतात, आणि नवीन म्हणजे भिकारी असं त्यांच्या डोक्यात बसतं. हे बसलं की मग तुम्ही कितीही सांगा, जुनी माणसं नवीन माणसाशी नीट बोलत नाहीत. मशाली, थोडा पाव, एक दगडाची कुदळ, बास. त्याऐवजी जुन्या खेळाडूने नवीन माणसाला एकदा आपल्यासोबत खाणीत न्यावं, पहिला हिरा त्याला स्वतःला फोडू द्यावा. तो हिरा त्याच्या लक्षात राहतो.

बॉट. बॉट ठेवा किंवा काढा, काही फरक पडत नाही. तुमचा बॉट जॉइन झाल्या झाल्या सेकंदात "स्वागत आहे" म्हणतो, आणि त्या वेळी मोबाइलवाल्याच्या स्क्रीनवर आजूबाजूचं जग अजून उमटत असतं, तो मेसेज त्याच्या लक्षातही येत नाही. आमच्याकडे रीत अशी आहे की माणूस दिसला की एक-दोन मिनिटं थांबायचं, तो चालायला लागला की मग बोलायचं, आणि बोलायचं ते तो करतोय त्याबद्दल. "ते झाड तोडतोयस ना, खालून तोड, वरचा भाग नंतर शिडी लावून". स्वागत वगैरे शब्दच नकोत. त्याला कळतं की कुणीतरी बघतंय, आणि तेही पोलिसासारखं नाही.

यावरून आठवलं, अॅडमिन लोकांनी उडत जायचं नाही. हसू नका. आपल्याला फ्लाय असतं म्हणून आपण भुर्रकन जाऊन नवीन माणसाच्या डोक्यावर तरंगत उभे राहतो, आणि तो बिचारा समजतो की आपलं काहीतरी चुकलं, आता बॅन. मी स्वतः असं एकाला पळवून लावलंय, तो मला बघून दोन पावलं मागे सरकला आणि डिस्कनेक्ट. तेव्हापासून चालत जातो. लांब असेल तर थोडं अलीकडे उतरून चालत जातो.

आता जुने खेळाडूच नसतील तर. सर्व्हरच्या यादीत प्रत्येक सर्व्हरपुढे किती जण ऑनलाइन आहेत तो आकडा दिसतो, आणि शून्य आकड्याच्या दुकानात कुणी शिरत नाही. तिघं तीन वेगवेगळ्या वेळी खेळत असाल तर ते बंद करून ठराविक एक तास धरा, समजा रोज रात्री आठ ते नऊ, आणि तो तास पाटीवर, एमओटीडीमधे (आत आल्यावर चॅटमधे दिसणारा सर्व्हरचा संदेश), सगळीकडे लिहा. "आम्ही रात्री आठला असतो" हे वाक्य दहा स्वागतांच्या वर आहे कारण दुपारी रिकाम्या सर्व्हरवर आलेल्यालाही परत यायची वेळ कळते. आणि मग त्या तासाला खरंच हजर राहा, दोन वेळा चुकवलंत की संपलं. तिघंही नोकरीवाले असाल तर आठवड्यातनं दोनच दिवस धरा पण ते पाळा. परीक्षेच्या दिवसांत कुणी नसणार, मे आणि दिवाळीत झुंबड असणार, हे गृहीत धरा आणि मार्चमधे उदास होऊन सर्व्हर बंद करू नका. मी एकदा केला होता.

काही तांत्रिक गोष्टी पटापट सांगतो, कारण यातल्या एखाद्यातच तुमची निम्मी माणसं गळत असतील.

एक, मॉडची हाव. जॉइन होताना सर्व्हर आपली सगळी चित्रं आणि आवाज खेळाडूकडे पाठवतो. तुम्ही दीडशे मॉड चढवले असतील आणि तेवढं सगळं मोबाइल डेटावर उतरायचं असेल तर पहिल्यांदा येणारा पट्टी सरकताना बघूनच जातो. दुसऱ्या वेळेस ते साठवलेलं असतं म्हणून तुम्हाला स्वतःला कधी जाणवत नाही. एकदा नवीन फोन घ्या, वायफाय बंद करा आणि स्वतःच्या सर्व्हरवर जाऊन बघा. उपाय म्हणजे मॉड कमी करा, आणि रिमोट मीडिया नावाची सेटिंग आहे, त्याने ही सगळी चित्रं साध्या वेब सर्व्हरवरून उतरवता येतात, ते खूपच लवकर होतं.

दोन, रात्र. नेहमीच्या सेटिंगला गेममधला पूर्ण दिवस वीस मिनिटांचा असतो, त्यातला बराचसा भाग अंधार. म्हणजे तुमच्याकडे येणारे कितीतरी जण काळोखात उतरतात, मोबाइलची स्क्रीन आधीच मंद, काही दिसत नाही. स्पॉनला भरपूर उजेड ठेवा, रस्त्यापर्यंत आणि कामाच्या जागेपर्यंत. खर्च शून्य.

तीन, खेळाडूचं नाव. नावात फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे, डॅश आणि अंडरस्कोर चालतात, देवनागरी चालत नाही. आपल्याकडचं पोरगं पहिल्यांदा आपलं नाव देवनागरीत टाकतं, एरर येते, आणि तो तुमच्यापर्यंत पोचतच नाही, लॉगमधेही धड कळत नाही. सर्व्हरची माहिती जिथे कुठे टाकता तिथे हे एका ओळीत लिहा.

यालाच लागून भाषेचं. गेमच्या आत देवनागरी अक्षरं नीट जुळत नाहीत, जोडाक्षरं सुटी पडतात आणि वेलांटी भलत्याच जागी जाऊन बसते, त्यामुळे तुमची ती मराठी नियमांची भिंत वाचणाऱ्याला कशी दिसते ते एकदा स्वतः बघा. "नियम" हा शब्दच मोडका दिसतो. म्हणून आमच्याकडे पाट्या रोमन मराठीत आणि चित्रांनी केल्यात, बाण, दगडाचं चित्र, वीसचा आकडा. चॅटमधे लोक आपापल्या मनाने रोमन मराठी, हिंदी, मोडकं इंग्लिश लिहितात आणि लिहू द्यावं. तुमच्या नियमांत "चॅटमधे फक्त इंग्लिश" असं आहे, ते बाहेरच्या देशांतल्या खेळाडूंना कळावं म्हणून असेल, पण त्याचा परिणाम असा की जत-आटपाडीचं पोरगं गप्प बसतं आणि गप्प बसलेला माणूस टिकत नाही. आमची पद्धत, ज्या भाषेत विचारलं त्या भाषेत उत्तर, जमलं तर. परदेशी खेळाडूला अडलं तर तो विचारेल, तो आपल्या पोरांपेक्षा कमी लाजतो असा माझा तरी अनुभव आहे.

लहान मुलांबद्दल थोडं गंभीरपणे. येणाऱ्यांत बरीच शाळकरी असणार हे धरून चाला, आणि त्यांचं वय विचारायला जाऊ नका. वय, शाळा, गाव, फोन, फोटो यातलं काहीही कुणी कुणाला विचारायचं नाही, अॅडमिननेसुद्धा नाही, उलट अॅडमिनने तर नाहीच. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठराच्या खालचं प्रत्येक जण मूल आहे, आणि मुलांची माहिती ठेवायची तर पालकांच्या संमतीपासून सगळी भानगड सुरू होते, तेव्हा नको ती माहिती जमाच करू नका. मोठ्या खेळाडूंनी नवीन पोरांशी बोलायचं ते उघड चॅटमधे. खासगी मेसेजसुद्धा सर्व्हरच्या लॉगमधे दिसतात, हे नियमांच्या पाच ओळींशेजारी लिहून ठेवा, सभ्य माणसाला त्याची अडचण होत नाही. आणि "नवीन माणसाला घेऊन डिस्कॉर्डवर या" हा जो उत्साह असतो तो पहिल्याच दिवशी करू नका. पोरगं गेम खेळायला आलंय, त्याला आणखी एक अकाउंट काढायला लावलंत की घरच्यांची परवानगी, ईमेल, सगळं आलं. जे टिकतील ते स्वतःच विचारतात.

आत्तापर्यंतचं एकत्र धरलं तर, हात लावू द्या, एक अर्धवट काम द्या, दोन मिनिटांनी माणसासारखं बोला, ठरल्या वेळेला हजर राहा. एवढ्याने माणूस दुसऱ्या दिवशी येईल. आता दुसऱ्या दिवसाचं.

दुसऱ्या दिवशी त्याला घर पाहिजे असतं. इथे बहुतेक सर्व्हर काय करतात, तर स्पॉनच्या भोवतीची सगळी जमीन जुन्यांनी प्रोटेक्ट केलेली, आणि नवीन माणसाला सांगतात जा लांब, जिथे मोकळं दिसेल तिथे बांध. तो जातो पाचशे-सातशे ब्लॉक, एकटा, तिथे झोपडी बांधतो, मरतो, परत स्पॉनला येतो, आणि झोपडी कुठे होती ते सापडत नाही. संपला विषय. आम्ही यासाठी चाळ बांधली. अगदी चाळच, दोन मजली, समोर लांब गॅलरी, प्रत्येकी एक लहान खोली, खोलीत एक पेटी आणि एक मशाल. पूल-घाटावर ज्याने हात लावला त्याला मागेल तेव्हा खोली, त्याच्या नावावर एरिया करून. सोबत होम कमांडची परवानगी देतो, म्हणजे कुठेही हरवला तरी एका कमांडवर खोलीत. गंमत अशी झाली की चाळीत नवीन लोक नवीन लोकांचेच शेजारी झाले आणि आमच्याशिवाय एकमेकांना शिकवायला लागले. कालचा नवीन आजच्या नवीनला जे सांगतो ते आपल्याला सांगता येत नाही, कारण आपल्याला काय अवघड होतं तेच आपण विसरलेलो असतो. महिनाभर कुणी फिरकलं नाही तर खोली दुसऱ्याला, सामान मात्र नावाच्या पेटीत जपून. काही जण वर्षाने आलेत आणि पेटी मागितलीये.

काही पोरं पुढे जाऊन विचारतात की हे दार असं आपोआप कसं उघडतं, तेव्हा त्या मॉडची लुआ फाइल उघडून दाखवा. पंधरा-वीस ओळी असतात, त्यातला एखादा आकडा बदलला की दार उशिरा बंद होतं, एवढं बघून त्यांचे डोळे चमकतात. मग त्यातलं एखादं स्वतःचा सर्व्हर काढतं आणि तुमच्याकडचे दोघं-तिघं घेऊन जातं. जाऊ द्या. उघड्या सोर्सच्या गेममधे हे होणारच, आमच्याकडून गेलेल्या एकाचाच लाइटिंगचा मॉड आज आम्ही वापरतो.

राहता राहिली एक गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. लुआंटीमधे खातं म्हणजे नाव आणि पासवर्ड, ईमेल वगैरे काही नाही. त्यामुळे पासवर्ड विसरला की "पासवर्ड विसरलात का" असं कुठलंही बटण नाही. पोरं पहिल्या दिवशी काहीतरी टाकतात आणि विसरतात. दुसऱ्या दिवशी आत येता येत नाही, त्यांना वाटतं आपल्याला बॅन केलं. त्यातली धीट असतात ती त्याच नावापुढे २ लावून नवीन खातं काढतात, आणि तुम्ही तुमच्या हिशोबात त्याला "परत न आलेला" अधिक "नवीन आलेला" असं मोजता. तेव्हा तुमच्या लॉगमधे एकसारखी, शेवटी आकडा बदललेली नावं आहेत का बघा, कदाचित तुम्हाला वाटतंय त्याहून जास्त जण परत येत असतील.

अॅडमिनला सेटपासवर्ड कमांडने नवीन पासवर्ड देता येतो. पण हा तोच कशावरून? कागदपत्रं तर मागायची नाहीत. मागच्या दिवाळीत असाच एक २ वाला आला, चाळीतली सहा नंबरची खोली माझी आहे म्हणाला, आत जाता येत नाहीये. मी विचारलं पेटीत काय ठेवलं होतंस? बराच वेळ काही आलं नाही, मला वाटलं गेला. मग आलं, "७ कोळसा १ सफरचंद. आणि वीसातला १ दगड उरलेला तो पण". मी खोलीत जाऊन पेटी उघडली. कोळसा सात, सफरचंद एक, दगड एक.